स्कॅटर प्लॉट काढायचा कसा, वाचायचा कसा

दोन मोजमापांचा एकमेकांशी संबंध आहे का, असा प्रश्न आला की बहुतेक जण थेट सहसंबंध गुणांक (संबंध किती घट्ट आणि सुलटा की उलटा हे सांगणारा −१ ते १ मधला आकडा) काढतात. ०.८७ आला, म्हणजे संबंध घट्ट. −०.२४ आला, म्हणजे संबंध किरकोळ आणि उलटा. या लेखात जी आकडेवारी घेतली आहे तिच्यात हे दोन्ही आकडे येतात आणि दोन्ही दिशाभूल करतात. स्कॅटर प्लॉट म्हणजे प्रत्येक नोंदीचा एक ठिपका, एक माप आडव्या अक्षावर आणि दुसरे उभ्या. असे ठिपके मांडले, त्यांना रंग दिले की ही दिशाभूल लगेच लक्षात येते. म्हणून एकच आकडेवारी घेऊन साफसफाईपासून चार्टखालच्या ओळीपर्यंत जाऊ. इथे एक्सेल वापरले आहे. गूगल शीट्स किंवा लिब्रेऑफिसमध्ये मेनूंची नावे थोडी बदलतात, कामाचा क्रम तोच राहतो.

आकडेवारी

अंटार्क्टिकाच्या पामर द्वीपसमूहावर २००७ ते २००९ या काळात मोजलेल्या ३४४ पेंग्विनांची ही नोंद आहे. क्रिस्टन गॉर्मन आणि पामर स्टेशनच्या संशोधकांनी ती गोळा केली. २०२० मध्ये ती ‘पामर पेंग्विन्स’ या नावाने, ‘आर’ या संगणकभाषेच्या पॅकेजच्या रूपात सर्वांसाठी खुली झाली. तिची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी नोंदी वेगळ्या केलेली, एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) नेटवर मोफत मिळते. एका ओळीत एक पक्षी: प्रजाती, बेट, चोचीची लांबी, चोचीची जाडी (म्हणजे वरून खालपर्यंतचे माप), पंखाची लांबी, वजन, लिंग आणि वर्ष. लांबीची मापे मिलिमीटरमध्ये आहेत, वजन ग्रॅममध्ये. प्रजाती तीन: ॲडेली १५२, जेंटू १२४ आणि चिनस्ट्रॅप ६८.

फाइल उघडली की आधी रिकाम्या नोंदी शोधा. या फाइलमध्ये जिथे माप नाही तिथे ‘एनए’ अशी अक्षरे आहेत, आणि एक्सेलच्या स्कॅटर चार्टला अक्षरे चालत नाहीत. आडव्या अक्षाच्या स्तंभात एक जरी अक्षरी नोंद असली तरी एक्सेल तो सगळा स्तंभच मजकूर समजते आणि खऱ्या मापांऐवजी १, २, ३ असे ओळींचे क्रमांक घेऊन ठिपके मांडते. उभ्या अक्षाच्या स्तंभात अक्षरे आली तर त्या जागी शून्य धरले जाते. काढलेल्या चार्टमध्ये ठिपके आडव्या अक्षावर १ पासून सुमारे ३५० पर्यंत पसरलेले दिसले, किंवा तळाशी शून्यावर एखादा एकटा ठिपका पडलेला दिसला, तर कारण बहुतेक वेळा हेच असते. नेटवरून उतरवलेल्या आकड्यांमागे राहिलेली मोकळी जागा किंवा आकड्यालाच चिकटलेले ‘ग्रॅम’ असे एकक यानेही हाच घोटाळा होतो.

इथे दोनच पक्ष्यांची मापे नाहीत, एक ॲडेली आणि एक जेंटू. ॲडेलीची ओळ फाइलच्या सुरुवातीलाच, चौथ्या नोंदीत सापडते. या दोन्ही ओळी कापून वेगळ्या शीटवर ठेवा. उरतात ३४२. आणखी नऊ पक्ष्यांचे लिंग नोंदलेले नाही. त्यांना हात लावू नका, कारण त्यांची मापे पूर्ण आहेत.

पहिला चार्ट

पंखाची लांबी आणि वजन हे दोन स्तंभ शेजारी आहेत आणि पंख डावीकडे आहे. एक्सेल डावीकडचा स्तंभ आडव्या अक्षावर घेते, त्यामुळे स्तंभांची जागा बदलायची गरज नाही. दोन्ही स्तंभ शीर्षकासकट निवडा, ‘इन्सर्ट’मध्ये जा आणि ‘स्कॅटर’मधला नुसत्या ठिपक्यांचा पहिला प्रकार घ्या. शेजारचा ‘लाइन’ चार्ट घेऊ नका. त्यात आडव्या अक्षावर मापे राहत नाहीत, नुसत्या नोंदी समान अंतरावर मांडल्या जातात आणि संबंधाचा आकारच बिघडतो. रेषांनी जोडलेले स्कॅटरही नको. इथे एका पक्ष्यानंतर दुसरा पक्षी येण्याला काही अर्थ नाही, त्यामुळे त्यांना जोडणारी रेष म्हणजे नुसती गुंतवळ.

आडव्या अक्षावर काय घ्यायचे? ज्यावरून अंदाज बांधायचा आहे ते आडवे, ज्याचा अंदाज बांधायचा आहे ते उभे. पंख मोजपट्टीने मोजता येतो, वजनासाठी पक्षी तोलावा लागतो. म्हणून पंखावरून वजन, असा प्रश्न घेऊ. अक्षांची अदलाबदल केली तर गुणांक तोच राहतो, कलरेषा (ठिपक्यांमधून बसवलेली सरळ रेष) मात्र बदलते. पंख आडवा घेतला तर १ मिलिमीटरमागे सुमारे ५० ग्रॅम येतात. वजन आडवे घेऊन तीच रेषा उलटी वाचली तर १ मिलिमीटरमागे सुमारे ६५ ग्रॅम निघतात. एकाच शीटमधून दोघांनी दोन उत्तरे आणली, तर आधी अक्ष तपासावेत.

चार्ट आला की सगळे ठिपके उजवीकडे वरच्या कोपऱ्यात कोंबलेले दिसतील. कमाल आणि किमान मापांतला फरक कमाल मापाच्या साधारण सहाव्या हिश्श्याहून जास्त असला की एक्सेल अक्ष शून्यापासून सुरू करते. पंख १७२ ते २३१ मिमी आहेत, फरक ५९, म्हणजे २३१ च्या पावपट. स्तंभालेखात शून्य लागतेच, कारण तिथे डोळा उंची मोजतो. स्कॅटर प्लॉटमध्ये डोळा ठिपक्यांच्या एकमेकांतल्या जागा पाहतो, तिथे शून्याचा आग्रह धरायचे कारण नाही. अक्षावर दोनदा क्लिक करून ‘फॉरमॅट ॲक्सिस’ उघडा. पंखासाठी किमान १७० आणि कमाल २३५ द्या, वजनासाठी २५०० आणि ६५००. चार्टची चौकट जवळपास चौरस ठेवा. आडवी ताणलेली चौकट चढ सपाट करते, उभी ताणलेली तोच चढ कड्यासारखा दाखवते.

एकावर एक बसलेले ठिपके

या शीटमधले वजन २५ ग्रॅमच्या पटीत आहे आणि पंख पूर्ण मिलिमीटरमध्ये. साहजिकच अनेक पक्षी नेमके एकाच जागी येतात. ३४२ ठिपके मांडले तरी डोळ्याला तेवढे दिसत नाहीत, आणि जिथे गर्दी आहे तिथेच ती लपते. उपाय असे. ठिपक्याचा आकार ५ किंवा त्याहून लहान ठेवा. ‘फॉरमॅट डेटा सिरीज’मध्ये मार्करच्या ‘फिल’ची पारदर्शकता ६० टक्क्यांच्या आसपास न्या आणि मार्करची कड काढून टाका. कड ठेवली तर पारदर्शकतेचा उपयोग होत नाही. आता जिथे दोन-तीन ठिपके एकावर एक आहेत तिथे रंग गडद होतो.

एवढ्यानेही भागले नाही तर पंखाच्या मापात −०.५ ते ०.५ या दरम्यानची यादृच्छिक संख्या मिळवून वेगळा स्तंभ तयार करा आणि चार्ट त्यावरून काढा. एक्सेलचे ‘रँड’ हे फंक्शन ०.५ वजा करून वापरता येते. शीटमध्ये काहीही बदलले की रँड नव्याने संख्या काढते आणि ठिपके हलत राहतात, म्हणून तो स्तंभ ‘पेस्ट व्हॅल्यूज’ने पक्का करा. हा स्तंभ फक्त डोळ्यांसाठी आहे. गुणांक, रेषा, सरासरी, सगळे मूळ मापांवरूनच काढायचे. हजारो नोंदी असतील तर या दोन्ही युक्त्या अपुऱ्या पडतात. तिथे काही शे ओळींचा यादृच्छिक नमुना घेऊन प्लॉट काढावा, आणि नमुना दोन-तीनदा बदलून आकार तोच राहतो का ते पाहावे.

बघताना काय बघायचे

आधी दिशा: डावीकडून उजवीकडे ठिपके चढतात की उतरतात. मग आकार: सरळ पट्टा आहे, वाक आहे, की एका टोकाला फाकणारा पंखा आहे. मग पट्ट्याची रुंदी. एका पंखलांबीवर उभी रेष कल्पून तिच्यावरचे सर्वांत हलके आणि सर्वांत जड पक्षी किती अंतरावर आहेत ते पाहा. संबंध किती घट्ट आहे ते या अंतरावरून कळते, चढाच्या तीव्रतेवरून नाही. बाजूला पडलेले ठिपके टिपून ठेवा, इतक्यात पुसू नका. आणि सर्वांत शेवटी, पण सर्वांत जास्त वेळ देऊन, पुंजके आणि त्यांच्यातल्या मोकळ्या जागा पाहा.

पेंग्विनांच्या चार्टमध्ये चढ स्पष्ट आहे, गुणांक ०.८७. पण नीट पाहिले तर २०५ मिमीच्या आसपास ठिपके विरळ होतात. डावीकडे एक ढग, उजवीकडे वर दुसरा. विरळ जागा दिसली की तिथेच थांबावे. निसर्गाने तिथे काही वेगळे मिसळलेले असते, किंवा मोजणाऱ्याने.

रंग द्या

प्रजातीच्या स्तंभावरून शीट सॉर्ट करा. चार्टवर उजवे क्लिक करून ‘सिलेक्ट डेटा’ उघडा, जुनी सिरीज काढा आणि ‘ॲड’ने तीन सिरीज घाला. प्रत्येकीला प्रजातीचे नाव द्या, त्या प्रजातीच्या ओळींमधले पंख आडव्या मापांत आणि वजन उभ्या मापांत. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे पंखाची श्रेणी १५३ व्या ओळीपासून आणि वजनाची १५४ व्या ओळीपासून निवडली जाणे. एक्सेल तक्रार करत नाही आणि प्रत्येक पक्ष्याला शेजाऱ्याचे वजन मिळते. दोन्ही श्रेणींचे ओळक्रमांक मोठ्याने वाचून पडताळा. रंगासोबत ठिपक्याचा आकारही वेगळा ठेवा, गोल, त्रिकोण, चौकोन. लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्यांनाही चार्ट वाचता आला पाहिजे, आणि झेरॉक्सवरही.

रंग दिले की उजवीकडचा ढग जवळजवळ पूर्णपणे जेंटूंचा निघतो आणि डावीकडे ॲडेली व चिनस्ट्रॅप मिसळलेले दिसतात. आता ‘कॉरेल’ फंक्शनने प्रत्येक प्रजातीचा गुणांक वेगळा काढा: ॲडेली ०.४७, चिनस्ट्रॅप ०.६४, जेंटू ०.७०. तिन्ही ०.८७ पेक्षा कमी. त्या मोठ्या आकड्याचा बराच भाग ‘जेंटू हे पक्षीच मोठे असतात’ एवढ्या एका गोष्टीतून आला आहे. कोणी ॲडेलींच्या वसाहतीत पंख मोजून वजनाचा अंदाज करायला निघाला, तर ०.८७ च्या भरवशावर त्याची फसगत होईल.

प्रजातीच्या आतही एकदा लिंगानुसार रंग देऊन पाहा. जेंटू माद्यांचे सरासरी वजन सुमारे ४६८० ग्रॅम आणि नरांचे ५४८५ ग्रॅम. म्हणजे जेंटूंचा ढगसुद्धा मोठ्या प्रमाणात दोन ढगांचा आहे. लिंग न नोंदलेल्या नऊ पक्ष्यांना करडा रंग द्या, गाळू नका.

आता दुसरा चार्ट, चोचीची लांबी आडवी आणि जाडी उभी. अक्ष ३० ते ६० आणि १३ ते २२. सगळे ठिपके एका रंगात ठेवून कलरेषा घातली तर ती उतरते, गुणांक −०.२४. याचा अर्थ चोच जितकी लांब तितकी बारीक, असा निघेल. प्रजातीनुसार रंग द्या आणि तीन वेगळ्या कलरेषा घाला. तिन्ही चढतात: ॲडेली ०.३९, चिनस्ट्रॅप ०.६५, जेंटू ०.६४. कारण चार्टवरच दिसते. ॲडेलींची चोच आखूड पण जाड, सरासरी ३८.८ बाय १८.३ मिमी, म्हणून त्यांचा ढग डावीकडे वर. जेंटूंची लांब पण बारीक, ४७.५ बाय १५.० मिमी, म्हणून त्यांचा ढग उजवीकडे खाली. एकत्र काढलेली रेषा एका ढगातून दुसऱ्या ढगाकडे उतरत जाते. ती सांगते प्रजातींमधला फरक, आणि आपण वाचतो एकेका पक्ष्याचा गुण. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात.

आपल्याकडच्या आकडेवारीतही हे सतत घडते. बाजार समितीच्या नोंदींवरून कांद्याची रोजची आवक आणि भाव असा प्लॉट काढायचा असेल, तर लाल कांदा आणि उन्हाळ कांदा यांना वेगळे रंग द्यायलाच हवेत. लाल कांदा टिकत नाही, काढला की विकावा लागतो. उन्हाळ कांदा चाळीत साठवून भावाची वाट पाहता येते. आवकेला भाव कसा प्रतिसाद देतो, हे दोन्हींत सारखे असेल असे धरून चालता येत नाही. वर्षांनुसारही रंग द्या. अनेक वर्षांत जे जे वाढत गेले ते सगळे एकमेकांशी सहसंबंधित दिसते, मग त्यांचा एकमेकांशी काही संबंध असो वा नसो.

एक सूचना फिल्टरबद्दल. प्रजातीवर फिल्टर लावला की चार्टमधून बाकीचे ठिपके नाहीसे होतात, कारण एक्सेल लपलेल्या ओळी मांडत नाही. कॉरेल मात्र लपलेल्या ओळीही धरते. डोळ्यांसमोर एकट्या चिनस्ट्रॅपचा ढग आणि शेजारी सगळ्या पेंग्विनांचा गुणांक, अशी जोडी नकळत तयार होते. गटाचा गुणांक हवा असेल तर त्या गटाच्या ओळींची श्रेणीच द्या.

कलरेषा आणि तिच्या मर्यादा

ठिपक्यावर उजवे क्लिक करून ‘ॲड ट्रेंडलाइन’, प्रकार ‘लिनियर’, आणि समीकरण व आर-वर्ग दाखवण्याच्या दोन्ही चौकटींत खूण. पंख आणि वजनासाठी समीकरण येते: वजन = ४९.७ × पंख − ५७८१. आर-वर्ग ०.७६. हा गुणांकाचा वर्ग आहे, त्यामुळे त्यात उणे चिन्ह उरत नाही. उतरत्या रेषेलाही तो धनच दिसतो.

२०० मिमी पंखाला सुमारे ४१६० ग्रॅम, हे ठीक. ११० मिमीला हेच समीकरण उणे वजन देते. ठिपके १७२ ते २३१ मध्येच आहेत, रेषाही तिथेच वापरायची.

रेषा बसली की उरलेला फरक, म्हणजे खरे वजन वजा रेषेने सांगितलेले वजन, नव्या स्तंभात काढा. पंख आडवा आणि हा फरक उभा घेऊन आणखी एक स्कॅटर प्लॉट काढा, प्रजातींचे रंग तसेच ठेवा. शून्याच्या रेषेभोवती ठिपके कसेही विखुरलेले असावेत, ही अपेक्षा. इथे चिनस्ट्रॅप बहुसंख्येने शून्याखाली बसतात, सरासरीने सुमारे २०० ग्रॅम. त्याच लांबीच्या पंखाला ते रेषेपेक्षा हलके आहेत. पहिल्या चार्टमध्ये हे सहज निसटते, या चार्टमध्ये उठून दिसते. म्हणून ही पायरी गाळू नये.

नुसत्या गुणांकावर आणि समीकरणावर का विसंबू नये, याचा सर्वांत नेटका पुरावा फ्रान्सिस ॲन्सकोम्ब या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दिला. अकरा-अकरा नोंदींचे चार संच. चारही संचांत आडव्या मापाची सरासरी ९, उभ्याची ७.५, गुणांक ०.८२ आणि रेषा य = ३ + ०.५ क्ष. ठिपके मांडले की पहिल्यात साधा विखुरलेला पट्टा. दुसऱ्यात स्वच्छ कमान, तिथे सरळ रेष चुकीचीच. तिसऱ्यात एका ओळीत बसलेले दहा ठिपके आणि रेषेला वर खेचणारा अकरावा. चौथ्यात दहा ठिपके एकाच उभ्या ओळीत, आणि दूर उजवीकडे एकटा ठिपका, ज्याच्यावर सगळा चढ उभा आहे. तो काढला तर संबंधाबद्दल बोलायला काहीच उरत नाही. या ४४ नोंदी स्वतः टाइप करून चार चार्ट काढून पाहावेत. स्कॅटर प्लॉट शिकण्यासाठी याहून चांगला सराव नाही.

सगळे ठिपके कोपऱ्यात असतील तर

सस्तन प्राण्यांच्या शरीराचे आणि मेंदूचे वजन हे यासाठी नेहमी वापरले जाणारे उदाहरण आहे. ६२ जातींच्या एका प्रसिद्ध यादीत आफ्रिकी हत्ती ६६५४ किलोचा आणि एक चिचुंद्री ०.००५ किलोची आहे. साध्या अक्षांवर दोन हत्ती दूर दिसतात आणि बाकी बहुतेक सृष्टी शून्याजवळ डाग होऊन बसते. दोन्ही अक्षांना ‘लॉगरिदमिक स्केल’ द्या, आणि तो डाग उलगडून जवळपास सरळ पट्टा होतो.

लॉग अक्षावर सारखे अंतर म्हणजे सारखी पट, दहा ते शंभर आणि शंभर ते हजार एकाच अंतरावर. शून्य आणि उणे आकडे तिथे मांडता येत नाहीत, म्हणून आधी ते किती आहेत ते मोजा. कलरेषाही ‘लिनियर’ नको, ‘पॉवर’ घ्या, नाहीतर सरळ पट्ट्यावर वाकडी रेष येईल. लोकसंख्या, उत्पन्न, शेतीचे क्षेत्र, वेबसाइटच्या भेटी, अशा पटीत बदलणाऱ्या मापांना लॉग अक्ष बहुधा लागतोच.

जे ठिपके चार्टवर नाहीत

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर फुटले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. थंडीत रबराच्या ओ-रिंग (रॉकेटचे सांधे बंद ठेवणारी कडी) नीट काम करतील का, यावर आदल्या रात्री चर्चा झाली होती. अपघाताची चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाच्या अहवालात त्याविषयीचे दोन आलेख आहेत. एकात ओ-रिंगला इजा झालेलीच उड्डाणे आहेत, सांध्याच्या तापमानासमोर इजांची संख्या. ५३ अंश फॅरेनहाइटलाही इजा आणि ७५ अंशांनाही इजा, कल असा दिसत नाही. दुसऱ्यात इजा न झालेली उड्डाणेही मांडली आहेत. चित्र पालटते. ६६ अंश किंवा त्याहून जास्त तापमानाच्या २० उड्डाणांपैकी तिघांत इजा, आणि ६३ किंवा त्याहून कमी तापमानाच्या चारपैकी चारांत. पहिल्या आलेखातला एकही ठिपका चुकीचा नव्हता. ज्या ठिपक्यांची उंची शून्य होती ते मांडलेच नव्हते.

म्हणून चार्ट पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी विचारा. नोंद व्हायला काही अट होती का? तक्रार आली तरच, रुग्ण दवाखान्यात आला तरच, कर्ज मंजूर झाले तरच? शून्य आणि ‘नोंद नाही’ यांत गल्लत झाली आहे का? आणि बाजूला पडलेला ठिपका कोणी शिस्तीच्या नावाखाली काढून तर टाकला नाही? बाजूच्या ठिपक्याचे मूळ कागद तपासा. दशांश चिन्ह सरकले असेल किंवा किलोऐवजी ग्रॅम लिहिले असतील तर दुरुस्त करा. माप खरे असेल तर ठेवा. शंका उरली तर त्या ठिपक्यासकट एक रेषा आणि त्याच्याविना एक, अशा दोन्ही दाखवा.

चार्टखाली काय लिहायचे

अक्षांवर मापाचे नाव आणि एकक: ‘पंखाची लांबी (मिमी)’, नुसते ‘पंख’ नको. शीर्षकात ‘चोचीची लांबी विरुद्ध जाडी’ याऐवजी जे दिसले ते लिहा, उदाहरणार्थ ‘तिन्ही प्रजातींत लांब चोच जाडही असते’. चार्टखाली एका ओळीत एकूण नोंदी, वगळलेल्या नोंदी आणि कारण: ‘३४४ पैकी ३४२; दोन पक्ष्यांची मापे उपलब्ध नाहीत.’ ठिपके मुद्दाम सरकवले असतील किंवा अक्ष लॉगचा असेल तर तेही इथेच. गुणांक द्यायचा असेल तर गटांचे गुणांक एकूण गुणांकाशेजारी द्या. आणि वगळलेल्या ओळींची ती वेगळी शीट त्याच फाइलमध्ये राहू द्या, म्हणजे ज्याला तपासायचे असेल त्याला ते ठिपके परत मांडून पाहता येतील.